सायकलवरचा वाघ

"वाघ सायकलवर बसला कसा, सांग मले," दुलीचंद गुरुजी म्हणाले.

शीलाने मान खाली घातली. सायकलवरून जाताना मला वाघ दिसला, एवढंच तिला इंग्रजीत लिहायचं होतं. तिच्या वाक्यात मात्र सायकल वाघाच्या बुडाखाली गेली होती.

"मॉडिफायर म्हंजे दुसऱ्या शब्दाची माहिती देणारा, वाक्यातला करवला. तो ज्याच्या मागं बसन, लोकं त्यालेच नवरदेव समजतीन. किती खेपा सांगतलं?"

"चुकली जी, गुरुजी."

चुकली कसली! तो वाघ सायकलवर चढवायला तिला सकाळभर डोकं खाजवावं लागलं होतं. शीला गेल्याच वर्षी मॅट्रिक पास झाली होती, तीही इंग्रजीत भरघोस मार्क घेऊन. बालाघाटात ही गोष्ट फक्त तिला आणि तिच्या मायला ठाऊक होती. गुरुजींना सांगितलं होतं की पोरगी पुन्हा आपटली.

कारण पोटाचं होतं. गुरुजी रिटायर झाले, मागोमाग बायको गेली, आणि माणूस मुरमुऱ्यांवर दिवस काढू लागला. शेजारच्या रुख्माबाईने, म्हणजे शीलाच्या मायने, डबा पाठवला तर तो तसाच परत आला. "फुकटचं मले पचत नाही." जिल्ह्यातले अर्धे मास्तर त्यांच्या हाताखालून गेलेले, असला माणूस मोडेल पण वाकणार नाही. रुख्माबाईला सहीच्या जागी अंगठा उठवावा लागे, पण अक्कल कुणाकडून उसनी आणावी लागत नसे. तिने तोड काढली: मॅट्रिकला आपटलेल्या पोरीला शिकवा, फीच्या बदली जेवून जा.

पोरगी शिकली, पास झाली, आणि तिथंच पंचाईत झाली. पास झालेल्या पोरीला कोण शिकवणार?

म्हणून वर्षभर शीला चुकत होती. आजच्या दुसऱ्या वाक्यावर तर गुरुजींनी चष्मा न लावताच तांबडी खूण केली.

आता लांजीच्या शाळेतून नेमणुकीचं पत्र आलं होतं. सोमवारी हजर व्हायचं. पत्र तांदळाच्या कोठीत दडवलेलं होतं. नोकरीच्या आनंदाने शीलाला झोप नव्हती, आणि गुरुजींच्या ताटाकडे पाहिलं की रडू येत होतं.

"माय, आज सांगून टाकतो मी," ती चुलीपाशी कुजबुजली.

"सांगशीन तं उद्यापासून या उंबऱ्यात पाय ठेवतीन का ते?"

"न सांगता जाऊ कशी मग?"

रुख्माबाईने लाखोरीच्या डाळीचं वरण वाढलं, भातावर जरा जास्तच वाढलं. गुरुजी सावकाश जेवले. आज त्यांनी मागून भात घेतला. शीलाला ते बघवेना.

त्यांनी हात धुतले तेव्हा ती पुढं झाली. "गुरुजी, एक सांगाचं होतं. सोमवारपासून..."

"हौ. सोमवारपासून तुही शिकवणी बंद."

गुरुजींनी पंच्याला हात पुसले, तांबडी पेन्सिल कानामागं खोवली आणि चुलीकडे वळले.

"रुख्माबाई, आता पाटी घेऊन तुम्ही बसाचं. तुमच्या चुका तरी खऱ्या राहतीन."