दोघांचा पलंग

यामिनी दुकानातल्या गादीवर आडवी झाली आणि डोळे मिटून पडून राहिली. राजस बूट काढून तिच्या शेजारी पडला. ही फार मऊ आहे, असं तिचं मत पडलं. मघाची फार कडक होती, असं त्याचं. विक्रेती मुलगी हसली आणि, सावकाश बघा म्हणून, बाजूला झाली. भर दुपारी, चारचौघांत, नवऱ्याशेजारी असं पडून राहताना यामिनीला नव्या नवरीसारखी लाज वाटली.

मार्चमध्ये हीच दोघं वेगळी व्हायला निघाली होती.

भांडण एकच होतं, पण जुनं. राजसला परदेश सोडून पुण्याला परत जायचं होतं, तिला नव्हतं. ती ब्युमॉन्ट हॉस्पिटलात डॉक्टर, तो शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत. ती नाइट करून यायची तेव्हा तो निघालेला असायचा. हिवाळाभर बोलणं उरलं ते कचऱ्याच्या डब्यांपुरतं आणि बॉयलरपुरतं. तो खाली सोफ्यावर झोपायला लागला. तिनं दूर, कासलबारच्या हॉस्पिटलमधल्या जागेसाठी अर्ज केला, तिला बोलावणंही आलं. तिकडे जायचं म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं. कुणी बोलून दाखवलं नाही.

मग एका सकाळी ती ड्यूटीवरून आली, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिवळे डॅफोडिल होते. देठ तिरके कापलेले, फुलदाणीतलं पाणी स्वच्छ. ती ओव्हरकोटसुद्धा न काढता त्यांच्याकडे बघत बसली. लग्नाच्या आधीसुद्धा या माणसानं तिला कधी फूल दिलं नव्हतं.

ती काही बोलली नाही. बोललं तर तो पुन्हा आपल्या कोशात जाईल, अशी तिला भीती वाटली. तिनं फक्त त्याच्या आवडीची आमटी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी पातेलं घासून पालथं घातलेलं होतं, आणि राजसनं मेसेज करून आमटीची तारीफ केली होती.

त्यानंतर फुलं येतच राहिली. डॅफोडिल संपले, ट्यूलिप आले. ती दमून यावी आणि अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असावी. उशीखाली लॅव्हेंडरची काडी. पडदे नेमके तिला हवे तेवढे ओढलेले. आपण घराबाहेर असताना आपली कुणीतरी वाट बघतंय, ही भावना तिला कित्येक वर्षांत झाली नव्हती. राजसही मऊ होत गेला. तो घरी लवकर यायला लागला, पुण्याचा विषय काढेनासा झाला. एप्रिलच्या शेवटी तिनं कासलबारला नकार कळवला. त्याच आठवड्यात तो आपली उशी घेऊन वर आला.

कुरकुर राहिली ती एका पलंगाचीच. ल्यूकनमधलं हे घर त्यांनी सामानासकट घेतलं होतं. एका भाच्यानं मावशीच्या मागे तिचं घर विकायला काढलं होतं, तेव्हा पडदे, कपाटं आणि पितळी दांड्यांचा तो पलंगही घरासोबत आला. घर दिवसेंदिवस सुखाचं होत होतं, पलंग मात्र दिवसेंदिवस टोचायला लागला. एक स्प्रिंग तिच्या बरगडीत घुसायची. राजस एका कुशीवर वळला की दोघंही मधल्या खळग्यात घरंगळायची. एक दिवस टेबलावर फुलांशेजारी पलंगांच्या दुकानाचं माहितीपत्रक दिसलं, एक पान दुमडून ठेवलेलं. यामिनी मनाशी हसली. संध्याकाळी तिनं विषय काढला, राजस लगेच हो म्हणाला, आणि रविवारी ती दोघं दुकानात आली.

शेवटी त्यांनी बेताची कडक गादी असलेला, रुंद, साधा लाकडी पलंग निवडला. नवा आणून जोडायचा आणि जुना घेऊन जायचा, असं दुकानाशी ठरलं.

पलंग शुक्रवारी आला. राजस त्या दिवशी घरून काम करणार होता. यामिनीला हॉस्पिटलात उशीर झाला, ती दुपारी परतली. वर खोलीत पलंग लावलेला, धुतलेली चादर ताणून घातलेली, उशाला गुलाबी पिओनींचा गुच्छ. राजस घरात नव्हता. काम उरकून ऑफिसला गेला असेल, असं म्हणून ती झोपली. अशी गाढ झोप तिला या घरात पहिल्यांदाच लागली.

तो संध्याकाळी आला. जूनमधलं ऊन अजून खिडकीत होतं. पलंगावर बसून त्यानं गादी दाबून बघितली आणि तिचा हात हातात घेतला.

"रात्रभर ड्यूटी करून आलीस, आणि माणसं येईपर्यंत जागी राहिलीस," तो म्हणाला. "मीच थांबणार होतो, पण सकाळीच ऑफिसातून बोलावणं आलं. मेसेज टाकला होता तुला."

तिनं मेसेज पाहिलाच नव्हता. "मी दुपारी आले, राजस. तेव्हा हा लावलेला होता."

तो हसला. मग हसायचा थांबला.

"ही फुलं कुठून आणतोस तू?" तिनं विचारलं.

"मी?" तो म्हणाला. "मला वाटत होतं, हॉस्पिटलमधून येताना तूच आणतेस."

बराच वेळ दोघांपैकी कुणीही उशाकडे बघितलं नाही. मग यामिनीनं पलंग पोचवणाऱ्या माणसाचा नंबर शोधला आणि दोघांना ऐकू येईल असा फोन लावला. माणूस खुशीत होता. सगळं ग्रँड, म्हणजे ठीकठाक, आहे ना, असं त्यानंच आधी विचारलं.

दार कुणी उघडलं, असं तिनं विचारलं.

"तुमच्याकडच्या आजीबाईंनी. फार प्रेमळ. आम्हाला चहा पाजला."

तिनं राजसकडे बघितलं.

"आणि जुना पलंग? तो नेलात ना तुम्ही?"

"नाही, त्यांनी नेऊ दिला नाही. मागच्या छोट्या खोलीत लावून घेतला. म्हणाल्या, 'हा माझाच आहे. या दोघांनी आपला वेगळा घ्यावा, म्हणून किती महिने खपतेय मी.'"