अर्धी टेस्ट

"अर्धी टेस्ट करून ग्रुप ठरवतेस?" ब्लड बँकेच्या प्रॅक्टिकलला मिराशी मॅडम हेमांगीच्या टेबलापाशी थांबल्या. "पेशी तपासल्यास, सीरम कोण तपासणार?"

सोमवारी मॅडमनीच शिकवलं होतं, एबी बापाला ओ मूल होत नाही. हेमांगीचे बाबा एबी होते. त्याच दुपारी तिने स्वतःचं रक्त तपासलं, ते ओ निघालं. तेव्हापासून तिने आईचा फोन उचलला नव्हता.

आता तिने आपल्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी टाकल्या. ती ओ असती, तर काहीच व्हायला नको होतं. ट्यूबमध्ये गुठळ्या झाल्या.

मॅडमनी ट्यूब उजेडात धरली. "ओ नाहीस तू. बॉम्बे ग्रुप आहे. बापाकडून ए किंवा बी आलेला असला, तरी रक्तात दिसत नाही. तुला कधी रक्त लागलं, तर आपल्या फ्रीजमधली एकही पिशवी चालणार नाही."

हेमांगीने बाहेर येऊन घरी फोन लावला.

"आई, मला कुणाचंच रक्त चालत नाही."

"मग हसतेस काय?"

"बाबांना दे फोन."