पाचव्या भागातले मुके सैनिक

गेममधला चाळिसावा सैनिक पडला, पण ओरडला नाही. दिगंबररावांनी कंट्रोलर फिरवून पुढच्यावर नेम धरला.

पहिल्या चारही भागांत गोळी लागली की सैनिक ओरडायचा, "आई गं!" तो आवाज त्यांच्या मुलाचा होता. गेम बनवणाऱ्या कंपनीत असताना त्यानेच गंमत म्हणून दिलेला. पुढे तो अपघातात गेला. तेव्हापासून दिगंबरराव रोज दुपारी सैनिक मारत आणि स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी कुमुदताई दरवेळी ओ देत, "आले रे!"

आता गेम नव्या कंपनीने घेतला होता. इंटरनेटवर चालणारे जुने भाग बंद केले, आणि पाचव्यात सैनिक मुकाट मरत होते.

"अहो, आज गप्प का तो?" आतून प्रश्न आला.

कंट्रोलर ठेवून, डोळे मिटून दिगंबरराव स्वतःच ओरडले, "आई गं!"

आतली भांडी थांबली. मग उत्तर आलं, "आले रे!"