समोरची खुर्ची

डॉक्टरीणबाईंनी सुहासच्या पाठीमागे उभं राहून घंटी वाजवली. त्याने लगेच बोट वर केलं. माडावरून डोक्यावर पडल्यापासून माझ्या लेकाला ऐकू येतंय की नाही, तेच कळत नव्हतं. आता घंटी हळू वाजली, तरी बोट वर! त्याच्या समोरच्या खुर्चीत बसून मी डोळे पुसत होते.

बाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या.

"मावशी, घंटी वाजली की तुमच्या भुवया वर जातात. तो तुम्हाला बघून बोट उचलतोय. जरा भिंतीकडे तोंड करून बसा."

मी वळले. घंटी वाजली. मग जोरात वाजली.

"केलं का हो बोट वर?"

घंटी वाजतच राहिली.

मागून सुहास केवढ्यानं तरी ओरडला, "आये, इकडे बघ ना गे!"