नळाजवळची जागा

डॉक्टरांनी रेमोंला दोनच महिने उरल्याचं सांगितलं, तेव्हा तो बायकोला घेऊन गावच्या दफनभूमीत स्वतःसाठी जागा निवडायला गेला. सोलांजला सरूच्या झाडाखालचा कोपरा आवडला. त्यानं मात्र फाटकालगतच्या नळाशेजारी काठी टेकवली.

"इथं? अरे, डोंगरातल्या खडीच्या वाटेवरचे झाडून सगळे सायकलवाले इथंच बाटल्या भरायला थांबतात!"

"मोटारी तर येत नाहीत ना? मग झालं. कुठला चढ कसा होता, खडी कुठे सरकते, तेवढंच कानावर पडेल."

"मेल्यावरही सायकल सुटणार नाही तुझी! मी भेटायला आले तर दोन मिनिटं शांतता मिळायची नाही."

"नकोच मिळायला," तो म्हणाला.

तो गेल्यानंतरच्या पाचव्या रविवारी सोलांज फुलांसाठी झारी भरून रेमोंच्या थडग्याच्या दगडावर ठेवत होती. घामाघूम झालेल्या एका मुलीनं भिंतीला सायकल टेकवली आणि विचारलं, "आजी, पुढचा चढ फार आहे का हो?"

सोलांजनं तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. गेल्या रविवारपासून ती कुणाशी एक शब्दही बोलली नव्हती.

ती खाकरली. रेमोंच्या दगडावरची झारी तिनं बाजूला सरकवली.

"बस जरा. सांगते."