उतरंडीवरचं मडकं

धुरपताबाईनं उतरंडीचं सगळ्यात वरचं मडकं खाली घेतलं आणि लातूरहून आलेल्या बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"बघा. तुमच्या डोळ्यानं बघा."

मडक्यात चिंध्यांच्या पुरचुंड्या होत्या. एक सुटली होती. तिच्यातून भाकरीचे वाळके तुकडे दिसत होते.

सरवदेबाई बालकल्याणच्या. लातूरचा वेगळा जिल्हा झाल्यापासून त्यांची जीप चाकूरच्या आसपासच्या गावांत यायला लागली होती. आईबाप नसलेली, नातेवाइकांकडं राहणारी लेकरं बघायची आणि सांभाळणाऱ्यांना चार गोष्टी सांगायच्या, हे त्यांचं काम.

साखरा भिंतीला पाठ लावून उभी होती. सात-आठ वर्षांची, सरजाबाईच्या मेलेल्या बहिणीची पोरगी. सरजाबाई, धुरपताबाईची सून, विझल्या चुलीपुढं बसली होती. तिचा नवरा दुष्काळी कामावर गेला होता.

"दोन वेळा पोटभर घालतो," धुरपताबाई म्हणाली. "एवढा दुष्काळ हाय, पर हिच्या ताटातलं काढलं न्हाई. तरी चोरती. जात्यावर चढून उतरंडीत हात घालती. ह्या सरजीला मी लगीन होऊन लई दिवस शिवू दिलं न्हवतं उतरंडीला. ही कोण? घेऊन जावा हिला तुमच्या बालगृहात."

"आत्याबाई, असं नका..." सरजाबाई म्हणाली. तिनं साखराचा परकर मुठीत धरून ठेवला.

देवळावरच्या भोंग्यातून टाळ ऐकू येत होते. सप्त्याचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन धुरपताबाईनं आजवर चुकवलं नव्हतं. तिचा एक कान तिकडंच होता.

"आजी," सरवदेबाई म्हणाल्या, "उपाशी राहिलेलं लेकरू पोट भरलं तरी लपवून ठेवतं. उद्याचा भरवसा नसतो त्याला. तिला चोर म्हणू नका. तुकडे काढूनही घेऊ नका, जास्तच लपवील. हे मडकं तिला देऊन टाका. तिचं म्हणून. रोज अर्धी भाकर तुम्हीच त्यात ठेवा. हळूहळू तीच विसरेल."

"उतरंडीतलं मडकं? पोरीला?" धुरपताबाई हसली. "मग किल्ल्या बी देते की. सरजे, ऊठ. आजपासून तू नि मी हिच्या हाताखाली."

सरवदेबाईंनी मडकं कलतं केलं. तुकडे चांगल्या उन्हात वाळवलेले होते. कुठं बुरशी नव्हती. त्यांनी एक पुरचुंडी उचलली.

"ही कुणाची गं?"

साखरानं वाकून गाठ बघितली.

"मावशीची."

"आणि ही?"

"काकाची. ते खडी फोडायला जातेत. म्हणून मोठी."

तिसरी सगळ्यात लहान होती. बाईंनी गाठ सोडली. आतल्या भाकरीला काठ नव्हते. नुसते पातळ पापुद्रे, एकावर एक ठेवलेले.

"ही तुझी?"

"आजीची. तिला दात न्हाईत. हे पाण्यात टाकलं की लगीच मऊ होतंय. काठ मी खाल्ले."

"मग तुझी कुठाय?"

साखरानं मडक्यात वाकून बघितलं.

"माझी बांधायची हाय अजून."

चुलीपुढं सरजाबाईनं तोंडाला पदर लावला. भोंग्यातून महाराजांचा आवाज येत होता. गोपाळ यमुनेच्या काठावर बसून आपापल्या शिदोऱ्या सोडत होते.

धुरपताबाई उठली. लुगडं सारखं केलं. दरवर्षी ती काल्यात घालायला दही-लाह्या न्यायची. यंदा घरात दोन्ही नव्हतं. उंबऱ्यापर्यंत गेली, थांबली. मग माघारी येऊन गुडघे धरत साखरापुढं बसली.

"काल्याला रिकाम्या हातानं कसं जाऊ गं?" ती म्हणाली. "ह्यातलं घेऊ का?"

साखरानं मावशीकडं बघितलं. बाईंकडं बघितलं. मग पापुद्र्यांकडं.

"एकच घे."

धुरपताबाईनं एकच घेतला.

मडक्यावर झाकण साखरानं घातलं.