रुमाल टाकलेली जागा

एस्टीत गर्दी असूनही कंडक्टरनं पुढच्या सीटवर आपला रुमाल टाकून ठेवला होता. ती एका नवराबायकोची जागा. त्यांचं गावात सलून होतं. नवऱ्याच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा दुकान बंद ठेवून दोघं शहरात जायची.

महिनाभर ती दोघं दिसली नव्हती. चौकशी करायचं धाडस कंडक्टरला झालं नाही, मला तर नाहीच नाही. त्या सीटवर बसणं म्हणजे वाईट बातमी मान्य करणं, असं वाटून मी उभाच राहायचो.

आज त्यांच्या फाट्यावर ती एकटीच चढली. मी तिच्या चपलांकडे बघत राहिलो. कपाळाकडे बघवेना.

"ताई, एकच तिकीट?" कंडक्टरनं दबकत विचारलं.

"एकच द्या, भाऊ. आणि शहराचं नको. माहेरी निघालेय, दोन वर्षांनी!"

मी मान वर केली. कुंकू होतं, चांगलं रुपयाएवढं.

"ते मशीन आता आपल्याच सरकारी दवाखान्यात आलंय. फुकट आहे. हे सकाळी दुकान उघडतात, त्या दोन दिवशी दुपारी तिथं जाऊन येतात. म्हणाले, कंडक्टरची दाढी वाढली असेल, पाठवून दे."

"वाढलीय की! त्यांच्याच काळजीनं." कंडक्टरनं रुमाल उचलला आणि भर थंडीत चेहऱ्यावरचा घाम पुसला.

ती खिडकीशी बसली. "काका, तुम्ही का उभे? बसा की."

मी बसलो. माझा स्टॉप मागे गेला, तरी उठलो नाही.